आधी बोललेलं दान

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला की सगळ्यांच्या नजरा झाडाकडे लागतात. कावळा लवकर शिवला तर बरं. नाही शिवला की कुजबुज सुरू होते, जीव कशात अडकला असेल? मग घरातलं कोणीतरी पुढे होतं, हात जोडतं आणि म्हणतं, "धाकटीचं लग्न आम्ही नीट लावून देऊ, काळजी करू नका." कोणी आईला सांभाळायचा शब्द देतं, कोणी भावाला वाटा द्यायचा. ही श्रद्धा मला मोलाची वाटते. तिच्या मुळाशी एकच आग्रह आहे, गेलेल्या माणसाची इच्छा अपुरी राहू नये. पण काही इच्छा दहा दिवस थांबत नाहीत. डोळे देण्याच्या इच्छेला मृत्यूनंतर फार तर सहा तास मिळतात.

हे सहा तास कुणी नियम म्हणून ठरवलेले नाहीत, ते कॉर्नियाच्या रचनेतून येतात. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आणि अकरा-बारा मिलिमीटर रुंद. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. या पेशी पडद्यात मुरणारं पाणी सतत बाहेर काढत राहतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. मृत्यूनंतर डोळ्यातल्या द्रवाची ये-जा थांबते, पेशी मरू लागतात, पडदा सुजतो आणि धुरकट होतो. उन्हाळ्यात, पंख्याखाली, अर्धवट उघड्या पापण्यांमागे हे फार लवकर घडतं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तगट जुळवण्याचीही गरज पडत नाही. एका माणसाच्या दोन डोळ्यांतून दोघांना दृष्टी मिळू शकते.

इतकं सोपं दान अडतं कुठे? लोक म्हणतात, अंधश्रद्धेपाशी. मला ते अर्धंच खरं वाटतं. "डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल" ही भीती आजही ऐकू येते, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांकडून. तिची टिंगल करून कुणाचंच मन वळत नाही. त्याच श्रद्धेच्या आत शिरून बोललं तर वळतं. जो पुनर्जन्म मानतो तो कर्मही मानतो, आणि दुसऱ्याला दृष्टी दिल्याचं फळ अंधत्व, हा हिशेब कर्मसिद्धांतात कुठेच बसत नाही. गीतेतला जुनी वस्त्रं टाकून नवी नेसण्याचा श्लोक आपल्याकडे अंत्यविधीच्या वेळी हमखास म्हटला जातो. टाकलेल्या वस्त्राचा एक तुकडा कुणाच्या उपयोगी पडला तर नेसणाऱ्याचं त्यात काय जातं? दधीचींनी वज्रासाठी हाडं दिली, शिबी राजाने कबुतरासाठी मांडीचं मांस तोडून दिलं. या गोष्टी ज्या घरात सांगितल्या जातात, तिथे देहाचं दान परकं वाटायला नको.

शिबीची गोष्ट बौद्ध जातककथांमध्येही आहे आणि तिथे तर राजा थेट आपले डोळेच काढून देतो. श्रीलंकेत ही कथा नुसती कथा राहिली नाही. १९६१ साली डॉ. हडसन सिल्वा यांनी तिथे नेत्रदान संस्था उभी केली आणि दानाला पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण, मानणाऱ्या समाजाने तिला असा प्रतिसाद दिला की देशाची गरज भागून कॉर्निया परदेशी जाऊ लागले. गेली कित्येक दशकं त्या लहानशा बेटावरचे कॉर्निया डझनावारी देशांत पोचत आहेत. लोकांच्या श्रद्धेला हात न लावता, त्यांच्याच ओळखीच्या गोष्टीला एक फोन नंबर आणि एक प्रशिक्षित चमू जोडून दिला, एवढंच तिथे झालं.

आपल्याकडचं उदाहरण २०१० सालचं. त्या वर्षी जानेवारीत कोलकात्यात ज्योती बसू गेले आणि त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. पुढच्याच महिन्यात चित्रकूटला नानाजी देशमुख गेले. नानाजी मूळचे हिंगोलीकडच्या कडोळीचे. त्यांचा देह त्यांच्याच इच्छेप्रमाणे दिल्लीला एम्समध्ये नेण्यात आला. एक आयुष्यभराचे कम्युनिस्ट, दुसरे आयुष्यभराचे संघाचे प्रचारक. एकाने परलोक मानला नाही, दुसऱ्यांचा संकल्प दधीचींच्या नावाने चालणाऱ्या देहदान समितीकडे नोंदवलेला होता. इतक्या टोकाच्या दोन जीवननिष्ठा शरीररचनाशास्त्राच्या विभागाशी येऊन पोचल्या, कारण दोघांनीही आपली इच्छा आधी स्पष्ट सांगून, लिहून ठेवली होती. आपल्या घरांत दान राहून जातं ते बहुतेक वेळा या बोलण्याअभावी. नास्तिकाच्या घरातही जातं आणि वारकऱ्याच्या घरातही जातं.

प्रत्यक्षात काय करायचं असतं ते नीट सांगतो, कारण ऐन वेळी ते सुचत नाही.

मृत्यू घरी झाला असेल तर पहिल्यांदा पापण्या हलक्या हाताने मिटवायच्या. डोक्यावरचा पंखा बंद करायचा. एसी असेल तर तो मात्र चालू ठेवायचा. डोक्याखाली उशी देऊन डोकं अर्धा फूट वर उचलून ठेवायचं, त्यामुळे डोळ्यांभोवती रक्त साकळत नाही आणि नंतर रक्तस्राव कमी होतो. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या आणि वाळल्या की बदलायच्या. बर्फ ठेवायचा तर पिशवीत घालून, कापडात गुंडाळून, कपाळावर ठेवायचा, थेट डोळ्यांवर ठेवायचा नाही. आपल्याकडे देह जमिनीवर घेतात, उशाशी दिवा लावतात, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालतात. यातलं काहीच नेत्रदानाच्या आड येत नाही. फक्त खाली घेतल्यावर उशी काढून टाकली जाते, ती राहू द्यावी, आणि धूप-उदबत्ती चेहऱ्यापासून जरा लांब लावावी.

हे होत असतानाच नेत्रपेढीला फोन. त्यांना चार गोष्टी लागतात: मृत्यूची वेळ, वय, मृत्यूचं कारण आणि खाणाखुणांसकट पत्ता. गावाचं नाव सांगून थांबू नये, फाट्यावर माणूस उभा करावा. तोवर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यायचं. दवाखान्यात मृत्यू झाला तर ते नमुना ४ मध्ये मिळतं, घरी झाला तर ४अ मध्ये. रात्री दोन वाजता ते कोण देणार, ही खेड्यापाड्यांतली खरी अडचण आहे. आजारी माणसावर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवणं हाच तिच्यावर उपाय. त्यांनी आजार पाहिलेला असतो, त्यामुळे सही करायला त्यांना अवघड वाटत नाही.

चमूत बहुधा दोघेजण असतात, एक डॉक्टर किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एक मदतनीस. ते संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची आणि साक्षीदारांची सही घेतात. मग खोली थोडा वेळ रिकामी करायला सांगतात. कुठे डाग पडू नये म्हणून डोक्याखाली कापड पसरतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात, पापण्या आणि आजूबाजूची त्वचा जंतुनाशकाने पुसतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी पूर्ण डोळा काढतच नाहीत. बुबुळाच्या कडेचा पांढरा भाग दोन-तीन मिलिमीटर सोडून गोलाकार छेद देतात आणि कॉर्निया त्या पांढऱ्या कडेसकट उचलतात. तो चिमट्याने कडेलाच धरायचा, मध्यभागी वाकता कामा नये, नाहीतर आतल्या पेशी चिरडतात. लहान बाटलीतल्या गुलाबी द्रवात तो सोडतात आणि बाटली बर्फाच्या डब्यात जाते. डोळ्यावर प्लास्टिकची पातळ वाटी बसवून पापण्या मिटवल्या की चेहरा होता तसा दिसतो. सगळं मिळून अर्धा तास. अंत्ययात्रा त्यासाठी खोळंबत नाही, बाहेरगावच्या मुलीची वाट बघण्यात याहून जास्त वेळ जातो.

पुढचं काम पेढीत होतं. रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांच्यासाठी तपासणी होते. सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या थरातल्या पेशी मोजतात. दर चौरस मिलिमीटरला साधारण दोन हजारांच्या वर पेशी असतील तर असा कॉर्निया दृष्टी परत आणण्यासाठी वापरायला उत्तम समजतात. साध्या द्रवात तो चार दिवस टिकतो, महागड्या द्रवात चौदा दिवसांपर्यंत. जमा होणाऱ्या कॉर्नियांपैकी बरेच या कसोटीला उतरत नाहीत. ते शिकवण्यासाठी, संशोधनासाठी किंवा फाटलेलं बुबुळ तात्पुरतं सांधण्यासाठी वापरले जातात. हे नातेवाइकांना आधीच सांगितलेलं चांगलं. "दान वाया गेलं" ही भावना नंतर उगाच मनात राहत नाही.

चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, साखर होती, रक्तदाब होता, वय नव्वदीच्या पुढे होतं, यातल्या कशानेही दान अडत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, आजाराने दृष्टी गेलेला माणूसही कॉर्निया देऊ शकतो. अडतं ते रेबीज, धनुर्वात, रक्तातला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क असेल तर. अपघात, आत्महत्या, भाजणं, विषबाधा अशा पोलिसांकडे नोंद झालेल्या मृत्यूंमध्ये पोलिसांची परवानगी लागते. ती शवविच्छेदनाच्या वेळी मिळू शकते, पण घरच्यांनी ती आपणहून मागावी लागते.

आता खरी गडबड कुठे होते ते. संकल्पपत्रं भरणाऱ्यांची संख्या प्रत्यक्ष दानाच्या कैक पटींनी मोठी आहे. कॉलेजात, गणेशोत्सवात, कुणाच्या वाढदिवसाला उत्साहात कार्ड भरलं जातं, पाकिटात ठेवलं जातं आणि ते पाकीट मृत्यूच्या दिवशी कुणीच उघडत नाही. शिवाय गेलेल्याची सही असली तरी त्या क्षणी जवळच्या नातेवाइकाने होकार दिल्याशिवाय नेत्रपेढी हात लावत नाही. म्हणजे दान करणारा एक आणि निर्णय घेणारे दुसरे. सून म्हणते, मी कसं बोलू, मुलगा बोलेल. मुलगा म्हणतो, आईच्या अशा अवस्थेत हा विषय कसा काढू. शेजाऱ्याला माहीत असतं, तो म्हणतो, आपण परके. असेच तास जातात. आणि कधी सगळे तयार असतात, चमू येऊन दारात उभा असतो, तेवढ्यात बाहेरगावहून काका पोचतात आणि विचारतात, "मला कुणी विचारलं का?" ते दान तिथेच संपतं. काकांनाही दोष देववत नाही, त्यांना हे आजच, या अवस्थेत, पहिल्यांदा कळलेलं असतं.

म्हणून रुग्णालयांतला समुपदेशक फार महत्त्वाचा. मृत्यूनंतर योग्य वेळ पाहून, बाजूला बसून, शांतपणे एकदाच विचारायचं आणि नाही म्हटलं तर नमस्कार करून उठायचं, हे त्याचं काम. घरी हे काम करायला कुणी नसतं. ते माणसाने जिवंतपणी स्वतःच करून ठेवायचं. आपल्या मागे घरात ज्याचा शब्द चालेल त्या एकाला सांगायचं, आणि जो विरोध करील असं वाटतं त्यालाही समोर बसवून सांगायचं. दुसरं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. नेत्रपेढीचा चोवीस तासांचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकाच नावाने हवा आणि फ्रिजवर किंवा देवघराशेजारी कागदावर लिहिलेलाही हवा. विषय काढायला निमित्त लागत असेल तर २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा देशभर पाळतात. त्याच्या आगेमागे, बहुतेक वर्षी लगेच नंतर, पितृपंधरवडा येतो. घरात आजोबा-पणजोबांची नावं निघतात, कुणाला काय आवडायचं ते आठवून पान वाढलं जातं. अशा जेवणाच्या पंगतीत "माझं मात्र असं करा" हे वाक्य जड जात नाही.

त्वचादानाची माहिती त्यामानाने फार कमी घरांत आहे, आणि त्याची गरज तर भयंकर आहे. निम्म्याच्या वर भाजलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःची झाकण्याजोगी कातडीच उरत नाही. दात्याची त्वचा त्याच्यावर कायमची धरत नाही, पण दोन-तीन आठवडे ती जिवंत पट्टीसारखं काम करते. अंगातलं पाणी झिरपणं थांबतं, जंतुसंसर्ग रोखला जातो, वेदना कमी होतात आणि तेवढ्यात स्वतःची त्वचा यायला वेळ मिळतो. इथेही सहा तासांचीच मर्यादा. मांड्या, पाय आणि पाठ यांवरून अतिशय पातळ थर काढतात आणि जागेवर पट्ट्या बांधतात. नेसवल्यावर काही दिसत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये, चार अंश तापमानाला ही त्वचा पाच वर्षांपर्यंत राहते. मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे.

हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांचं तसं नाही. घरी मृत्यू झाल्यावर हे अवयव देता येत नाहीत. अतिदक्षता विभागात मेंदू मृत झाल्याचं चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवल्यावरच तो प्रश्न येतो. या मंडळात प्रत्यारोपण करणारा डॉक्टर नसतो, कायदाच तसा आहे. "कार्ड पाहून उपचार लवकर थांबवतील" ही धास्ती बाळगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. अवयव कुणाला जायचे ते महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली चार विभागीय केंद्रं प्रतीक्षायादीप्रमाणे ठरवतात.

देहदानात श्रद्धेचा प्रश्न अधिक खोल जातो. नेत्रदानानंतर अग्नी देता येतो, देहदानात येत नाही. अस्थी नाहीत, मग विसर्जन कशाचं? ज्यांना विधी हवेतच त्यांच्यासाठी वाट आहे. देह हाती नसेल तेव्हा पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचं दहन करण्याचा पालाशविधी जुनाच आहे. पूर्वी परदेशी किंवा पुरात नाहीशा झालेल्यांसाठी तो करत. काही घरं दहावा-तेरावा नेहमीसारखा करतात, काही तो खर्च शाळेला देतात. दोन्हींत मला काही वावगं दिसत नाही. व्यवहाराचं सांगायचं तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात आधी अर्ज भरून ठेवावा, आणि सुट्टीच्या दिवशी व रात्री देह स्वीकारतात का, गाडी कोणाची, हे विचारून घ्यावं. शवविच्छेदन झालेला, संसर्गजन्य आजाराचा, चिघळलेल्या शय्याव्रणांचा देह सहसा नाकारला जातो. डोळे दिलेला चालतो. त्वचा दिलेला चालतो का, ते त्या-त्या महाविद्यालयाला विचारावं. ऐन वेळी नकार आलाच तर काय करायचं हेही घरात ठरलेलं हवं, नाहीतर गाडी दारात आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत, अशी अवस्था होते.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं की या सगळ्याचं वजन कळतं. शेतात उसाचं पातं डोळ्यात गेलं, साळीचं कुसळ लागलं, दोन दिवस दूध-मध घातलं आणि बुरशीने बुबुळ पांढरं झालं, अशी माणसं ग्रामीण महाराष्ट्रात कमी नाहीत. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराने दाबली आणि ती डोळ्यात फुटली, हेही घडतं. १९०५ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं, तो मजूरही चुन्यानेच अंध झालेला होता. चुन्याने बुबुळाच्या कडेच्या पेशीही जळाल्या असतील तर आजही नुसता पडदा बदलून भागत नाही. काचबिंदू किंवा मागच्या पडद्याचा आजार यांत तर कॉर्नियाचा उपयोगच नाही. आणि उपयोग होतो तिथेही टाके वर्षभर राहू शकतात, थेंब महिनोन्‌महिने घालावे लागतात. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, दुखू लागलं किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, नाहीतर शरीर तो पडदा नाकारतं. दान मिळाल्यावर ते सांभाळणं हीसुद्धा एक निष्ठा आहे, आणि गरीब घराला गाडीभाड्यासकट ती परवडायला हवी. नेत्रदानाला मदत करू इच्छिणाऱ्यांनी खरं तर या थेंबांच्या आणि फेऱ्यांच्या खर्चाकडे पाहावं. तिकडे फारसं कुणी पाहत नाही.

ज्यांनी असा निर्णय घेऊन घरात सांगून ठेवला आहे, त्यांच्यात मला एक सारखेपणा दिसतो. मरणाबद्दल ते अडखळत नाहीत. मृत्युपत्र, बँकेतलं वारसाचं नाव, औषधांची यादी हेही त्यांच्याकडे बहुधा जागेवर असतं. एकदा देहाबद्दल बोलता आलं की उरलेल्या गोष्टी त्यामानाने हलक्या असतात. त्यांच्या मागे घरात आणखी एक गोष्ट घडते. ज्या दिवशी कुणाच्याच हातात काही नसतं, त्या दिवशी एक काम हातात येतं, आणि ते गेलेल्याने सांगितलेलं काम असतं. दुःख त्याने कमी होतं असं मी म्हणणार नाही.

घरचे नंतर नेहमी विचारतात, डोळे कुणाला मिळाले? ते सांगितलं जात नाही. नाव कळलं की देणं-घेणं सुरू होतं. एका बाजूला हक्क वाटू लागतो, दुसऱ्या बाजूला ओझं. काही दिवसांनी नेत्रपेढीकडून आभाराचं प्रमाणपत्र येतं. काही घरं ते फोटोशेजारी लावतात, तेराव्याला आलेले पाहुणे ते वाचतात आणि कोणीतरी नंबर लिहून घेतं.